पदवी विद्यापीठाची, खुर्ची सरकारची

शाळेत असताना तुम्हाला सर्वांत कमी गुण कोणत्या विषयात पडायचे? एअर ट्रॅफिक कंट्रोलर होऊ पाहणाऱ्या तरुणांना हा प्रश्न अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, फेब्रुवारी २०१४ च्या भरतीत विचारला. अशा प्रश्नांच्या जंत्रीला ‘बायोग्राफिकल क्वेश्चनेअर’ असं भारदस्त नाव होतं. अर्ज आले अठ्ठावीस हजारांच्या घरात आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक या प्रश्नावलीतच गळाले. गळालेल्यांत एफएएच्याच मान्यतेच्या कॉलेजांतून दोन किंवा चार वर्षं घालवून, कर्ज काढून एअर ट्रॅफिक कंट्रोलचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलंही होती. त्यातल्या अनेकांनी एफएएची अभिक्षमता चाचणी आधीच दिली होती, तीही चांगल्या गुणांनी. ते गुण आता धरले जाणार नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं.

एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या पदवीला अर्ज करायचा विचार असणाऱ्या कुणीही, तो अमेरिकेत असो वा अकोल्यात, हे प्रकरण आधी समजून घ्यावं. एमबीबीएस झालेला मुलगा सरकारी नोकरी मिळाली नाही तर खासगी दवाखाना काढतो. वकिलाला सनद मिळाली की कोर्टाची पायरी चढायला कुणाची नेमणूक लागत नाही. कंट्रोलरचं तसं नाही. विमानांना वाट दाखवण्याचं काम बहुतेक देशांत एकच संस्था करते. तीच माणसं निवडते, शिकवते, पगार देते आणि नको झालं की दार लावून घेते. विद्यापीठ या साखळीत नेमकं कुठे बसतं, याचं उत्तर प्रत्येक देशाने वेगळं दिलं आहे, आणि अमेरिकेने तर गेल्या चार दशकांत ते बरेचदा बदललं आहे.

अमेरिकेतल्या या गोष्टीचं मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी ३ ऑगस्टला कंट्रोलरांच्या ‘पॅटको’ या संघटनेने संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती उलटताच अकरा हजारांहून अधिक कंट्रोलरांना एका फटक्यात बडतर्फ केलं. रिकाम्या खुर्च्या भरायला पुढच्या काही वर्षांत तरुणांची घाऊक भरती झाली. तिकडे कंट्रोलरला वयाच्या ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावंच लागतं, अपवाद फार थोडे. म्हणजे एकाच लाटेत आत आलेली माणसं एकाच लाटेत बाहेर पडणार, हे गणित कुणालाही मांडता येत होतं. शिवाय ३१ वर्षं पूर्ण होण्याआधीच नोकरीत शिरावं लागतं. सतत ताज्या दमाच्या, थोडंफार आधीच शिकलेल्या मुलांचा पुरवठा हवा होता. १९९० च्या सुमारास एफएएने काही कॉलेजांशी करार करून ‘कॉलेजिएट ट्रेनिंग इनिशिएटिव्ह’ ही योजना आणली, ती यासाठी. सगळे तिला सीटीआय म्हणतात. पुढे या योजनेतल्या कॉलेजांची संख्या ३६ पर्यंत गेली. फ्लोरिडातलं एम्ब्री-रिडल, ग्रँड फोर्क्सचं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा, पर्ड्यू, न्यूयॉर्कचं व्हॉन कॉलेज ही त्यातली जाणती नावं. सोबत दोन वर्षांची पदविका देणारी साधी कम्युनिटी कॉलेजंही होती.

करारात एक मेख होती. कॉलेज मुलाला हवाई नियम, हवामान, नेव्हिगेशन, रडारची तत्त्वं, रेडिओवरची ठरीव भाषा शिकवायचं. मग एफएए त्याला भरतीत थोडं झुकतं माप द्यायची आणि ओक्लाहोमा सिटीतल्या आपल्या अकादमीतली सुरुवातीची काही आठवड्यांची शिकवणी माफ करायची. पण अकादमी चुकत नव्हती आणि नोकरीची हमी तर कुठल्याच कागदावर नव्हती. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत मात्र उंच टॉवरचे आणि हेडसेट घातलेल्या हसऱ्या मुलामुलींचे फोटो असायचे. अठरा वर्षांचा मुलगा कराराची कलमं वाचत नाही, फोटो बघतो. त्याचे आईबाप तरी कुठे वाचतात?

२०१३ च्या अखेरीस एफएएने धोरण फिरवलं. कारण सांगितलं गेलं, भरती सर्वांसाठी खुली व्हावी आणि कंट्रोलरांत समाजाच्या सगळ्या थरांतले लोक यावेत. हेतूबद्दल वाद घालता येईल आणि अमेरिकेत तो अजून चालू आहे. राजकारणाच्या दोन्ही बाजूंनी या प्रकरणाचं भरपूर पीठ दळलं आहे. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. नियम बदलायचे तर नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी बदलावेत; ज्यांनी जुन्या नियमांवर विसंबून फी भरली, त्यांच्या अर्ध्या वाटेत ते बदलणं हा अन्याय होता. प्रकरण कोर्टात गेलं. जुलै २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सीटीआयच्या पदवीधरांना आणि लष्करातून आलेल्या अनुभवी कंट्रोलरांना या प्रश्नावलीतून वगळलं आणि २०१८ मध्ये ती पुरती बंद झाली. तोवर काहींनी वयाची ३१ वर्षं ओलांडली होती. कायद्याने त्यांना वयाची सूट दिली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

आता लंबक पुन्हा कॉलेजांकडे झुकला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ ओक्लाहोमा आणि टल्सा कम्युनिटी कॉलेज या दोन संस्थांपासून ‘एनहान्स्ड’ सीटीआय सुरू झालं. एम्ब्री-रिडल आणि नॉर्थ डकोटा त्यात नंतर आले. इथे कॉलेजातच अकादमीच्या तोडीचा अभ्यासक्रम आणि सिम्युलेटर असतात, परीक्षेवर एफएएची नजर असते, आणि पास झालेला मुलगा अकादमीत न जाता थेट एखाद्या टॉवरवर किंवा केंद्रावर प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊ शकतो. एफएएची अभिक्षमता चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा पडताळणी मात्र कुणालाच चुकत नाही.

हा बदल एफएएला अचानक सुचलेला नाही. गरज गळ्याशी आली होती. देशभरात सुमारे तीन हजार कंट्रोलर कमी आहेत, असं सरकार आणि कंट्रोलरांची संघटना दोघंही सांगतात. अकादमीत एका वेळी मावणाऱ्यांची संख्या ठरलेली, आणि तिथे दाखल झालेल्यांपैकी तीस टक्क्यांहून अधिक नापास होऊन घरी जातात. त्यात २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन नॅशनल विमानतळाजवळ लष्कराचं हेलिकॉप्टर आणि उतरणारं प्रवासी विमान यांची टक्कर होऊन ६७ माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं, कंट्रोलर पगाराविना काम करत राहिले आणि माणसं अपुरी पडू लागल्यावर मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सरकारला कमी करावी लागली. एवढं झाल्यावर कॉलेजची पदवी एफएएला पुन्हा गोड वाटू लागली, यात नवल नाही. खुर्च्या भरल्या की ती पुन्हा कडू लागणार नाही, याची खात्री मी तरी देणार नाही.

तर आज अमेरिकेत या पदवीला अर्ज करायचा झाला तर काय पाहायचं? प्रवेश तसा अवघड नाही. शाळेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, हे इतर कुठल्याही शाखेसारखंच. गंमत अशी, की कंट्रोलर होण्याची अंगची कुवत आहे की नाही, हे प्रवेशाच्या वेळी सहसा कुणी तपासत नाही. ते चार वर्षांनी एफएएच्या चाचणीत कळतं. खासगी विद्यापीठात नुसती फीच वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर जाते, तर टल्सासारख्या कम्युनिटी कॉलेजात स्थानिक मुलाला ती त्याच्या कितीतरी कमी पडते. एफएएच्या लेखी दोन्ही एनहान्स्ड सीटीआयच. किंबहुना पदवीविनाही अर्ज करता येतो, कामाचा अनुभव दाखवला तर चालतो. त्यामुळे चार वर्षांची महागडी पदवी घ्यायची तर ती मुळात घेण्याजोगी असावी. कंट्रोलर होता आलं नाही तर विमान कंपनीत डिस्पॅचर, विमानतळ व्यवस्थापन, वैमानिक असे पर्याय तीतून निघावेत. नॉर्थ डकोटासारख्या ठिकाणी ते निघतात.

आणि एक मोठी अट, जी आपल्याकडच्या सल्लागारांच्या टेबलावर अनेकदा झाकली जाते. एफएएच्या नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागतं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलीला ही वाट पूर्ण मोकळी आहे, आणि सॉफ्टवेअरच्या पलीकडे न पाहणाऱ्या आपल्या तिकडच्या मंडळींनी तिचा विचार जरूर करावा. सारं प्रशिक्षण पुरं झालेल्या कंट्रोलरचा पगार तिकडे बऱ्याच इंजिनिअरांना हेवा वाटावा असा आहे. पण पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला तीच पदवी मिळेल, गाऊन-टोपीतला फोटो निघेल आणि टॉवरचा जिना मात्र चढता येणार नाही. परत येऊन ती पदवी इथे दाखवावी, तर इथली अट वेगळीच आहे. तिच्याकडे येतोच.

अमेरिकेची सगळी गुंतागुंत ज्या एका निर्णयाने सुटली असती, तो फ्रान्सने केव्हाच घेतला. तूलूझची ‘एनॅक’ ही नागरी विमानवाहतुकीची राष्ट्रीय शाळा १९४९ मध्ये पॅरिसजवळ ओर्लीला सुरू झाली आणि १९६८ मध्ये तूलूझला हलली. बारावीनंतर दोन वर्षं गणित-भौतिकशास्त्राची कसून तयारी करून मुलं तिथली स्पर्धा परीक्षा देतात. निवड झाली की त्याच दिवसापासून ती सरकारी नोकर; शिकण्याचा पगार मिळतो आणि बदल्यात काही वर्षं सेवेचं बंधन. काही काळ तूलूझच्या वर्गात, काही काळ रेन्स, ब्रेस्त, बोर्दो अशा एखाद्या नियंत्रण केंद्रावर प्रत्यक्ष कामात, असं करत अखेर हातात पडते ती अभियंत्याची, मास्टर्सच्या दर्जाची पदवी. जेवढ्या खुर्च्या, तेवढ्याच जागा. फ्रेंच कंट्रोलरांच्या संपांना सारा युरोप वैतागलेला असतो हे खरं, पण त्यांची शाळा निर्दोष बेतलेली आहे. शिक्षणाचा खर्च आणि अपयशाचा धोका तिथे मुलाच्या बापावर पडत नाही, सरकार उचलतं. अर्थात कंट्रोलरांचा हा अभ्यासक्रमही युरोपीय नागरिकांचाच.

उरलेल्या युरोपात बहुतेकांनी पदवीचा नादच सोडला आहे. जर्मनीची डीएफएस ही संस्था बारावीच्या तोलाची ‘आबिटूर’ झालेली मुलं घेते, हॅम्बर्गमध्ये त्यांची कठोर चाचणी होते आणि फ्रँकफर्टजवळ लांगेनच्या अकादमीत शिक्षण. ब्रिटनची नॅट्स तर अठराव्या वर्षी दहावीच्या बरोबरीच्या पाच विषयांवर अर्ज घेते, इंग्रजी आणि गणित त्यात हवं. मास्ट्रिक्टहून वायव्य युरोपचं वरचं आकाश सांभाळणाऱ्या युरोकंट्रोलने ‘फीस्ट’ नावाची संगणकीय चाचणी बनवली. अनेक देश तीच वापरतात. या सगळ्यांचा विचार एकच: मुलगा जितका लहान, तितका लवकर घडतो.

चाचण्यांत असतं तरी काय? पडद्यावर ठिपके सरकत असतात, दोन एकमेकांवर आदळण्याआधी एकाला हटवायचं. तेवढ्यात बाजूला एक बेरीज-वजाबाकी उमटते, तिचंही उत्तर द्यायचं. अक्षरांचे संकेत लक्षात ठेवायचे, नियम मध्येच बदलतो. उलटसुलट दिशेने निघालेल्या विमानांत उजवं कोणतं, डावं कोणतं, हे क्षणात सांगायचं. गणित शाळकरीच असतं; अवघड जातं ते एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरून पाचवीला जागा करणं. रडारवर मार्गस्थ विमानांत साधारणपणे पाच नॉटिकल मैलांचं किंवा उंचीत हजार फुटांचं अंतर राखायचं असतं, आणि ते पुढच्या पाच मिनिटांनंतरही राहील ना, हे आत्ता दिसावं लागतं. हे काहींना पहिल्या आठवड्यात दिसतं, काहींना वर्षभर शिकवूनही दिसत नाही. सुवर्णपदक मिळवलेली मुलं अकादमीतून परत येतात ती याच कारणाने, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा काही कमीपणा नाही. विद्यापीठ ही नजर धारदार करू शकतं. नसेल तर ती लावून देणं मात्र कुठल्या प्राध्यापकाला जमल्याचं ऐकिवात नाही.

आता आपल्याकडे. भारतात नागरी विमानांचं नियंत्रण करणारी जवळजवळ एकमेव संस्था म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण, सगळ्यांच्या तोंडी एएआय. १ एप्रिल १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय अशी दोन जुनी प्राधिकरणं एकत्र करून ती झाली. मुंबईचा विमानतळ अदानींच्या हाती असला तरी टॉवरमधला आवाज एएआयच्या कर्मचाऱ्याचाच असतो, गोव्याच्या मोपालाही तेच. देशाचं आकाश चार मोठ्या क्षेत्रांत वाटलेलं आहे, त्यातलं मुंबईचं क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरलं आहे. एका मुख्य धावपट्टीवरून दिवसाला नऊशेवर विमानं चढवणं-उतरवणं हे मुंबईच्या कंट्रोलरांचं रोजचं काम आहे. दुसरी धावपट्टी आहे, पण ती पहिलीला छेदून जाते, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. एवढ्या जवळ दोन मोठे विमानतळ म्हणजे त्यांच्यावरचं आकाश नव्याने वाटून घेणं आलं, आणि त्यासाठी माणसंही आली. कंट्रोलरांची टंचाई आणि त्यांच्यावरचा ताण यांची दखल २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही घेतली आहे.

या कामासाठी एएआय ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल)’ या पदाची जाहिरात काढते. पात्रता अशी: भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन केलेली तीन वर्षांची पूर्णवेळ बी.एस्सी., किंवा कुठल्याही शाखेचं पूर्णवेळ इंजिनिअरिंग, ज्यात एखाद्या तरी सत्रात भौतिकशास्त्र आणि गणित असेल. दहावी किंवा बारावीला इंग्रजी विषय. वय २७ पर्यंत, राखीव गटांना नियमानुसार सूट. एअर ट्रॅफिक कंट्रोलची पदवी किंवा पदविका हवी, असा शब्द या अटींत कुठेही नाही.

हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं, कारण याच्या नेमक्या उलट समजुतीवर बरीच दुकानं चालतात. बीबीए एव्हिएशन, विमानतळ व्यवस्थापनाची पदविका, केबिन क्रूसोबत जोडून दिलेलं ‘एटीसी मॉड्यूल’ अशा नावांनी फी घेतली जाते. त्यातले काही अभ्यासक्रम विमानतळावरच्या इतर नोकऱ्यांना उपयोगी असतीलही. पण बीबीएवाला कंट्रोलरच्या परीक्षेला बसूच शकत नाही. बी.एस्सी. एव्हिएशन असं नाव असलेल्या पदवीचंही गुणपत्रक उघडून पाहावं. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय त्यावर स्पष्ट छापून येतात का, यावर सगळं अडतं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरच्या रचनेत तर हा घोळ साध्या बी.एस्सी.तही होऊ शकतो. पहिल्या वर्षानंतर गणित सोडून देण्याची मुभा आहे म्हणून ते सोडलं, आणि तीन वर्षांनी जाहिरात हातात आल्यावर डोक्याला हात लावला, असं कुणाचं होऊ नये.

परीक्षा संगणकावर, १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अर्धे प्रश्न भौतिकशास्त्र-गणिताचे, उरलेले इंग्रजी, तर्क, अंकगणित आणि सामान्यज्ञानाचे. माझ्या मते इथेच आपली निवड लंगडी पडते. रोजच्या कामात कंट्रोलरला ना इंटिग्रेशन करावं लागतं ना लेन्सचं सूत्र आठवावं लागतं. हजारो अर्जांतून थोडे निवडायचे म्हणून ती चाळणी. ती सोपी आहे, निकालावर वाद होत नाहीत, आणि क्लासवाल्यांना शिकवता येते. युरोपच्या फीस्टसारखी चाचणी पहिल्या टप्प्यावर आणली तर कदाचित वेगळीच मुलं वर येतील, लातूर पॅटर्नच्या तालमीतून न गेलेली. २०२५ च्या जाहिरातीत जागा होत्या ३०९. २०२३ मध्ये ४९६ आणि २०२२ मध्ये ४००. लेखी परीक्षेनंतर कागदपत्रं, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मादक पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय, अशी रांग असते. आवाजाच्या चाचणीत मराठी उच्चारांची भीती बाळगायचं कारण नाही. नागपुरी हेल चालतो. अडखळणं चालत नाही.

इंग्रजीचा आग्रह मात्र पोकळ नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळून ३४९ माणसं मरण पावली. दिल्लीच्या कंट्रोलरने कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. ते त्याच्याही खाली आलं. वैमानिकांचं कच्चं इंग्रजी हे त्या चौकशीत पुढे आलेलं एक कारण. दिल्लीत त्या वेळी विमानाची उंची दाखवणारं दुय्यम रडारही चालू झालेलं नव्हतं, येण्याजाण्याचा मार्ग एकच होता. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिक आणि कंट्रोलर दोघांसाठी भाषाप्रावीण्याच्या सहा पातळ्या ठरवल्या, २००८ पासून त्या लागू झाल्या. किमान चौथी पातळी हवी. तीत व्याकरणाचं पांडित्य कोणी विचारत नाही. नेहमीची ठरीव वाक्यं संपतात आणि वैमानिक घाबरून भलतंच काही बोलू लागतो, तेव्हा ते समजलं पाहिजे आणि उत्तर देता आलं पाहिजे.

निवड झालेल्यांना एएआय स्वतः शिकवते, पगार देऊन आणि सेवेचा बाँड लिहून घेऊन. जुनं केंद्र प्रयागराजच्या बमरौलीला, दुसरं हैदराबादला, आणि तिसरं आपल्या विदर्भात, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाला लागून. राष्ट्रीय पातळीचं हे शिक्षण धानाच्या शेतांत होतं, हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. वर्ग आणि सिम्युलेटर संपले की एखाद्या विमानतळावर नेमणूक, आणि तिथे अनुभवी माणसाच्या शेजारी बसून ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकणं. माइक तुमच्या हातात असतो, जबाबदारी त्याच्या. त्याचं समाधान झालं की त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे एकट्याने काम करण्याची परवानगी, मिळते. पुढे टॉवरवरून ॲप्रोचला, ॲप्रोचवरून एरिया कंट्रोलला जाताना दर वेळी पुन्हा शिकणं, पुन्हा परीक्षा. औरंगाबादहून मुंबईला बदली झालेला दहा वर्षांचा कंट्रोलरही नव्या टॉवरमध्ये पहिल्या दिवशी शिकाऊच असतो.

ज्यांना पुण्यातच राहून हे काम करायचं आहे, त्यांच्यासाठी एक विचित्र वस्तुस्थिती. लोहगावच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या इंडिगोच्या विमानाला परवानगी देतं ते हवाई दल. गोव्याच्या दाबोळीला नौदल, कारण तो मुळात त्यांचा आयएनएस हंसा तळ. म्हणजे पुणे आणि दाबोळीच्या टॉवरचा रस्ता लष्करी भरतीतून जातो. हवाई दलात एफकॅट परीक्षेतून प्रशासन शाखेत, पदवीला ६० टक्के असल्यास; नौदलात अल्पकालीन सेवेच्या एटीसी शाखेत, इंजिनिअरिंगच्या ६० टक्क्यांवर, मुलींनाही. एसएसबीच्या, म्हणजे लष्करी निवड मंडळाच्या, मुलाखतीतून जावं लागतं आणि गणवेशासोबत जे जे येतं ते सगळं स्वीकारावं लागतं. अल्पकालीन सेवा संपल्यावर एएआयचं दार वयामुळे बहुधा बंद झालेलं असतं, हेही आधीच लक्षात घ्यावं.

भारतातही एअर ट्रॅफिक कंट्रोलची खास पदवी सुरू करावी, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. एएआयने तिला पात्रतेत स्थान दिलं, जागा तिच्या भरतीच्या अंदाजाने बांधल्या आणि प्रवेशालाच अभिक्षमता चाचणी ठेवली, तर माझा पाठिंबा आहे. म्हणजे फ्रान्ससारखं. नुसतं विद्यापीठाने उठून अभ्यासक्रम काढला आणि माहितीपत्रकावर टॉवर छापला, तर २०१४ ची अमेरिका इथे घडायला वेळ लागणार नाही, आणि आपल्याकडे त्या मुलांसाठी कायदा करायला कोणी बसणार नाही.

तोवर व्यवहाराचं बोलायचं तर बारावीच्या निकालानंतर पहिली फी भरायच्याही आधी मुलाच्या डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची, आणि कानांची तपासणी करून घ्यावी; रंगांधळेपणाचं निदान बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षानंतर एएआयच्या वैद्यकीय तपासणीत व्हावं, याला अर्थ नाही. मग भौतिकशास्त्र-गणिताची साधी बी.एस्सी., जवळच्या चांगल्या कॉलेजात, किंवा इंजिनिअरिंगचा कल असेल तर ते. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. एकविसाव्या वर्षी पदवी झाली तर सत्तावीसपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच संधी मिळतात, आणि त्यांच्या मधल्या काळात त्याच बी.एस्सी.वर एम.एस्सी. करता येतं, बी.एड. करता येतं, हवामान खात्याच्या परीक्षा देता येतात, बँकेत जाता येतं. बीबीए एव्हिएशन केलेल्यालाही एमबीए करता येतं, बँकेच्या परीक्षा देता येतात. फक्त ज्या परीक्षेसाठी त्याने एव्हिएशन हा शब्द पाहून प्रवेश घेतला, तिचा अर्ज त्याला भरता येत नाही.